सरळ घातलेला कोट

ब्रिस्टल,
ता. ४ मे १९५८

ती. रूबेनदादास,

थर्झाचा सा. न. तुला अजून बायको सापडत नसल्यामुळे वहिनीच्या वाटणीचा नमस्कारही तूच ठेवून घे.

पत्रास कारण आनंदाचं आहे, पण मला धडकी भरली आहे. ज्यूलियनच्या आईवडिलांना आपला मूर, म्हणजे आपलं उघडं डोंगरमाळ, बघायचं आहे. लग्नाआधी दोन्ही घरांनी एकदा एकत्र जेवावं असं पार्जिटरबाईंच्या मनात होतंच. मला वाटलं, इथल्याच एखाद्या हॉटेलात बोलावतील. पण पार्जिटरसाहेबांना जुन्या दगडांचं वेड. आयुष्यभर माणसांचे दात बघितले, आता डोंगराचे बघायचेत, असं म्हणतात. तर १४ जूनचा शनिवार ठरला आहे. ते मोटारीने येतील. सकाळी व्हिटन टॉरच्या माथ्यावरचं दगडांचं रिंगण बघायचं, खाली येऊन ओढ्याकाठी जेवायचं आणि चहा घेऊन निघायचं.

आता नीट ऐक. आईला सांग, पेस्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, घरातल्या निळ्या बशा काढ. थंडगार चहा बिअरच्या बाटलीत भरून आणायचा नाही. बसायला मॉसच्या अंगाखालची घोंगडी नको. तो कुत्रा धुतला तरी त्या घोंगडीचा वास जायचा नाही. आणि ट्रेलरमध्ये पेंढा टाकून पाहुण्यांना ओढ्यापर्यंत नेण्याची कल्पना तुझ्या डोक्यात आलीच असेल, ती तिथल्या तिथे पुरून टाक. बाई नाजूक आहेत.

शेवटचं, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र. धुकं आलं तर बाबांनी त्या दिवशी कोट उलटा करून घालू नये. पिक्सी वाट चुकवतात, कोट उलटा केला की चकवा सुटतो, असलं काही काही काढू नये. तू त्यांना कसंही करून समजाव. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.

आईला नमस्कार. माझ्यावरचा राग पुढच्या पत्राआधी गिळून टाक.

तुझी,
थर्झा


लोअर ब्रॅडन, डार्टमूर,
ता. ११ मे

चि. थर्झास,

थोरल्या भावाचे अ. आ. तू पार्जिटर झाल्यावर ते लागू पडतील की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच घेऊन ठेव.

तुझं पत्र वाचून घरात लग्नापेक्षा मोठी धांदल उडाली आहे. आईने निळ्या बशा काढल्या, त्यातली एक फोडली, आणि तेव्हापासून ती तुझ्या सासूबद्दल प्रेमाने बोलत नाही. केशरी बन करायचे की साधे, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी दोन्ही करायचे ठरले. साय मात्र आपल्याच गाईची, त्यात दाताच्या डॉक्टरने नाक खुपसायचं नाही असं तिने जाहीर केलंय. मॉसला मी तुझा निरोप दिला. त्याला वाईट वाटलं.

बाबांचं काय सांगू. ते तर हवेतच आहेत. टॉरच्या वाटेवर ती मऊ जमीन आहे ना, तिथे ते जाऊन पावलं टाकून बघून आले. बाईंच्या बुटाला ओल लागायला नको म्हणे. मग पुन्हा गेले आणि सपाट दगड टाकून आले. तू लहानपणी जिथे सशाच्या बिळात हात घालून अडकून बसली होतीस ती जागा ज्यूलियनला दाखवायचीच असं त्यांनी ठरवलंय. काल नॅथन कोकर कुंपणापाशी भेटला, तर त्यालाही ऐकवलं की माझे व्याही येताहेत, मीच वर घेऊन जाणार. कोकर शेजारी झाला तरी कोकरच. म्हणाला, बघ हं एमॉस, वाट चुकशील. दोघं खूप हसले.

आणि म्हणून, बाई, कोटाचं मी सांगणार नाही. तुला सांगायचं असेल तर तू सांग. पिक्सी आहेत की नाहीत ते देव जाणे, पण मूरवरचा अर्धा गाव धुक्यात कोट उलटा करतो. तुझ्या सासऱ्याला दगडांचं वेड चालतं, मग आपल्या बाबांना एवढं एक असू दे की.

मनात काही ठेवू नकोस. ठेवलंस तर ते आमच्याबद्दल चांगलंच असू दे.

तुझा,
रूबेन


ब्रिस्टल,
ता. १८ मे

ती. रूबेनदादास, सा. न.

तुला हसायला काय जातंय. तू गावातल्याच शाळेत शिकलास. मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी टॅव्हिस्टॉकच्या शाळेत गेले, तिथलं पहिलं वर्ष तुला माहीत नाही. एकदा संध्याकाळी असंच दाट धुकं होतं. बस आपल्या फाट्यावर थांबली, आणि खिडकीतून सगळ्या मुलींना बाबा दिसले. कोट उलटा, अस्तर फाटून लोंबतंय, कमरेला सुतळी. मला न्यायला ते पायी आले होते. त्यांनी हात हलवला. मी बसमधून उतरलेच नाही, दादा. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले आणि म्हटलं, झोप लागली होती. त्यांना खरं वाटलं. शाळा संपेपर्यंत मुली मला उलटा कोटच म्हणायच्या.

मला बाबा आवडत नाहीत असं नाही. मी घरी असते तेव्हा त्यांचं काहीच खटकत नाही. पण पार्जिटरांच्या दिवाणखान्यात बसले की मला तुम्ही सगळे दुरून दिसता. ज्यूलियनची आई काही बोलणार नाही. ती गोड हसेल. ते हसणं मला माहीत आहे, म्हणूनच पाया पडते, एवढं एक कर. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

पुन्हा कधी काही मागणार नाही. भावावर हक्क सांगायचा तो आत्ताच.

थर्झा


लोअर ब्रॅडन,
ता. १ जून

चि. थर्झास, अ. आ.

सांगितलं.

गोठ्यात धार काढताना सांगितलं, कारण तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत. शहरातली माणसं आहेत, त्यांना आपल्या रीती समजायच्या नाहीत, उगाच घाबरतील, असं काहीतरी बोललो. बाबांचा हात थांबला नाही. धार काढता काढताच त्यांनी विचारलं, तिला माझी लाज वाटते का रे. मी म्हटलं, छे, भलतंच काय. ते बरं म्हणाले आणि बादली घेऊन गेले.

त्या दिवसापासून ते सुधारायला लागलेत. नेहमीचा कोट नकोच, रविवारी चॅपलला प्रार्थनेला जायचा काळा घालतो, म्हणाले. आईने त्याचं बटण घट्ट केलं. पार्जिटरांना साहेब म्हणायचं की डॉक्टर, हे मला तीनदा विचारून झालं. जेवताना बोलता बोलता मध्येच थांबतात आणि शब्द बदलतात. सशाच्या बिळाची गोष्ट आता काढत नाहीत. परवा आई म्हणाली, घरात पाहुणा आल्यासारखं वाटतंय.

तुझं काम झालं. मला मात्र आरशात दाढी करताना तोंड बघवत नाही. तू तिकडे लांब आहेस, मी रोज समोर बसतो.

चौदा तारखेला भेटूच. तोवर आपली माया आहे तितकी राहू दे.

रूबेन


ब्रिस्टल,
ता. १६ जून

ती. रूबेनदादास, सा. न.

शनिवारी तुझ्याशी धड बोलले नाही. आईचाही निरोप नीट घेतला नाही. तिने मांडून ठेवलेल्या बशा तशाच ओढ्याकाठी राहिल्या आणि आम्ही न जेवता मोटारीत बसलो, हे आठवलं की कानशिलं तापतात. पार्जिटरबाई सर्दीने अंथरुणात आहेत.

तू खाली आईजवळ होतास, तुला वरचं काहीच माहीत नाही. जाताना सगळं इतकं छान होतं. बाबा काळ्या कोटात ताठ चालत होते. साहेबांनी विचारलं की ही रिंगणं कुणी रचली, तर त्या दगडांच्या एवढ्या गोष्टी सांगणारे बाबा नुसतं म्हणाले, ठाऊक नाही साहेब. मला हायसं वाटलं. मग धुकं उतरलं. बाबा म्हणाले, माझ्यामागून या, आणि भराभर चालायला लागले. इतके भराभर की बाईंना धाप लागली. खालच्या शेतांची दगडी भिंत यायला हवी होती, ती आलीच नाही. एका वाळलेल्या काटेझाडाजवळून आम्ही गेलो, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा त्याच झाडाशी आलो. ज्यूलियन म्हणाला, हे मघाचंच झाड ना. बाबा म्हणाले, नाही, ते वेगळं. खोटं बोलले, दादा. मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढे चिखलात बाईंचा बूट गेला तो वर आलाच नाही. ज्यूलियनने त्यांना पाठुंगळी घेतलं.

आणि शेवटी सापडलो ते कुणाला, तर नॅथन कोकरला, पार पलीकडच्या गावच्या रस्त्यावर. एमॉस, तू, असं तो दोनदा म्हणाला. मग मेंढ्यांच्या ट्रेलरमध्ये बसून आम्ही ओढ्यावर आलो. बाबा पुढे कोकरशेजारी बसले होते. त्यांची मान मला मागून दिसत होती, आणि मला ती नकोशी झाली.

मोटारीत साहेब फार चांगुलपणाने बोलले. म्हणाले, वयानुसार दिशाभान जातं, वडिलांना कुणाला तरी दाखवा. मी म्हटलं, हो, हल्ली त्यांना जरा विसरायला होतं. दुसरं काय म्हणणार होते? चाळीस वर्षं ज्या डोंगरावर वावरले तिथे ते हरवले हे कसं सांगायचं?

त्यांना झालंय तरी काय, ते मला कळव. आईला म्हणावं, बन फार छान दिसत होते.

थर्झा


लोअर ब्रॅडन,
ता. २२ जून

चि. थर्झास,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही. रागावून लिहितो आहे, आणि निम्मा राग माझ्यावरच आहे.

बाबांना काहीही झालेलं नाही. विसरायलाही होत नाही. तू लहान असताना कुठल्या दिवशी कुठला दात पडला तेसुद्धा ते सांगतील. काल कुंपणाची भिंत बांधताना मी त्यांना सरळ विचारलं. दगड बसवता बसवता बोलले. म्हणाले, धुकं आलं तेव्हा हात बटणाकडे गेला होता. तेवढ्यात थर्झा माझ्याकडे बघत होती. मग हात खाली घेतला.

कोट काढायचा, उलटा करायचा, पुन्हा घालायचा, तेवढा वेळ माणूस उभा राहतो. बाबा म्हणाले, तेवढ्यात जीव थाऱ्यावर येतो आणि ओढा कुठल्या अंगाला वाजतोय ते कळतं. पिक्सी बिक्सी मी म्हणत नाही, तेही म्हणाले नाहीत. त्या दिवशी नुसतं थांबले असते तरी चाललं असतं. पण म्हणाले, थांबलो तर पाहुण्यांना वाटेल वाट माहीत नाही, थर्झाला लाज वाटेल, म्हणून चालत सुटलो. एकदा भलत्या अंगाला लागल्यावर कबूल करायचं कसं, ते जमेना.

आता गेले दोन रविवार चॅपलला गेले नाहीत. कोकरने गावभर केलंच असणार असं त्यांना वाटतं. केलेलं नाही, उलट तो चौकशी करून गेला. ऑक्टोबरात मूरवरचे घोडे खाली हाकून आणतात तेव्हा आपल्या बाजूला दरवर्षी बाबा पुढे असतात. त्यांनी कोकरला निरोप पाठवला, यंदापासून तू पुढे राहा, पाहुण्यांना हरवणाऱ्याने पुढे राहू नये.

आणि तू मोटारीत बसून त्यांना म्हातारचळ लागल्याचं सांगून मोकळी झालीस. निरोप तुझा होता, पोचवला मी. आपण दोघांनी मिळून त्यांना त्या डोंगरावर हरवलं. आणखी काय कळवू.

रूबेन


लोअर ब्रॅडन,
ता. २४ जून

चि. थर्झा,

बापाचे आशीर्वाद. मला लिहायची सवय नाही, चुकलं माकलं पोटात घाल.

त्या शनिवारी तुला माझ्यापायी मान खाली घालावी लागली. फार वाईट झालं. ज्यूलियनने त्याच्या आईला पाठीवर घेतलं, पोरगा चांगला आहे. बाईंचा बूट मी शोधून काढला. वाळवला, चरबी लावली, पण कातडं आखडलं आहे. पायात जायचा नाही. तरी पाठवतो, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहू नये. त्यांना म्हणावं, एमॉस हॅनाफोर्ड शरमिंदा आहे.

दुसरं असं की, लग्नात तुझा हात धरून तुला पुढे नेतात, ते रूबेनने करावं असं मला वाटतं. तो उंच आहे, चारचौघांत बोलतोही बरा. शहरातलं चर्च, सगळे बघत असणार. मी आणि आई मागच्या बाकावर बसू. मला तिथून दिसेल.

मी रागावून लिहीत नाही. तुझ्या सोयीचं व्हावं म्हणून लिहितो. तब्येतीची काळजी घे.

तुझा बाप,
एमॉस हॅनाफोर्ड


ब्रिस्टल,
ता. २७ जून

ती. बाबांस,

थर्झाचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आणि बूट काल एकदमच मिळाले. पत्र कामावर नेऊन कचेरीत उघडलं आणि मला रजा घेऊन खोलीवर यावं लागलं.

बाबा, दादाने तुम्हाला खरं सांगितलं नाही. मला तुमची लाज वाटत होती. कोटाचा निरोप माझा होता. त्या दिवशी तुम्ही बटणाला हात लावलात तेव्हा मी मुद्दामच बघितलं, तुम्ही थांबावं म्हणून. तुम्ही थांबलात. मग परत जाताना मोटारीत मी सांगितलं की तुम्हाला हल्ली विसरायला होतं. कुणी विचारलंही नव्हतं, मीच सांगितलं. हे लिहिताना मला तोंड लपवावंसं वाटतंय, पण तुम्ही मागच्या बाकावर बसायला निघालात, म्हणून लपवता येत नाही.

काल संध्याकाळी मी बूट घेऊन पार्जिटरांकडे गेले. चहाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तुम्ही हरवला नाहीत, मी हरवायला लावलं, हेही सांगितलं. बाई बुटाकडे बघत राहिल्या. त्या गोड हसल्या नाहीत. साहेब म्हणाले, मग त्यांना डॉक्टरला दाखवा म्हणणारा मी तर गाढवच ठरलो. ज्यूलियन मला सोडायला बसपर्यंत आला, पण वाटभर माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला. त्याला माझी लाज वाटली असावी. ती कशी लागते ते मला पहिल्यांदा कळलं.

बाबा, दादाचा हात धरून मी जाणार नाही. तुम्ही आला नाहीत तर मी दारातच उभी राहीन, मग शहरातल्या लोकांना काय बघायचं ते बघू दे. हा हट्ट आहे असं समजा, पण माफ केलंत असं समजायला मला दुसरं काही चालणार नाही.

तुमची,
थर्झा


लोअर ब्रॅडन,
ता. २ जुलै

चि. थर्झास, अ. आ. (आज लिहायला हात होतो आहे.)

तुझं पत्र बाबांनी स्वतः उघडलं. चष्मा लावून अंगणात उभ्यानेच वाचलं आणि खिशात घालून गाईंकडे गेले. आईने विचारलं, काय लिहिलंय, तर म्हणाले, पोरीने खरं लिहिलंय.

माझी मात्र बिनपाण्याने हजामत झाली. गोठ्यात बोलावून म्हणाले, तिला लाज वाटली ते तिने सांगितलं, तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. मीठ हवं असलं तरी आईला सांगतात, त्याला म्हणावं मीठ दे. मला हसूही येतं आणि शरमही वाटते. चूक माझीही होती, तेव्हा भोगतो आहे.

रविवारी चॅपलला गेले. कोकरला पाठवलेल्या निरोपाबद्दल अजून काही बोललेले नाहीत आणि मीही विचारलेलं नाही. ती जखम वेळ घेईल. तू एवढ्यात त्या विषयाला हात घालू नकोस.

हे सगळं राहू दे. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो. आज दुपारी मी गवत उतरवून आलो तर स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाबा आईला विचारत होते की मुलीचा हात डाव्या बाजूने धरतात की उजव्या. आई म्हणाली, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात राहतंय. तेव्हा त्यांनी तिला दारापाशी उभं केलं. तिच्या हाताला पीठ होतं, ते तिने पुसलंही नाही. मग दोघं दारापासून चुलीपर्यंत हळूहळू चालत गेले, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. चुलीपाशी पोचल्यावर बाबांनी तिचा हात सोडला, एक पाऊल मागे आले, आणि तिथेच डोळे पुसत उभे राहिले.

मी आवाज न करता परत गवताकडे गेलो. तुझं कुशल कळवत राहा.

तुझा,
रूबेन